बिनचष्म्याचा चेहरा

९ फेब्रुवारी

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडे सगळी बरी असतील. आमचंही चाललं आहे. मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही, पण त्यात उत्तर देण्यासारखं होतं तरी काय? हवा, आईची भूक आणि माझा गुडघा. या वेळी थोडी गंमत कळवतो.

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी मी न्हाणीघरात गुडघे टेकून दोन्ही तळहातांनी फरशी चाचपत होतो. आई समोर अनवाणी उभी होती. तिचं तोंड धुऊन देताना तिने माझ्या नाकावरचा चष्मा ओढला आणि भिरकावला. आताशा तिला चष्मा सहन होत नाही. मी वाकून जवळ गेलो की काहीतरी चमकणारं अंगावर येतं आहे असं तिला वाटत असावं. आधीचे दोन नुसते वाकले होते, हा फुटला. मी अजून काचेचीच भिंगं लावत होतो, प्लास्टिकवर ओरखडे पडतात म्हणून. आणि माझा नंबर तुला ठाऊकच आहे. चष्मा नसला की आई म्हणजे मला एक उभा पांढरट डाग. त्या डागाला मी म्हणत होतो, "आई, हलू नकोस. पाय उचलू नकोस."

"तू काय शोधतोयस?" ती विचारत होती. "माझं काही हरवलेलं नाही."

काच सापडली, म्हणजे माझ्या तळहातात घुसली तेव्हा सापडली. तिच्या पायाला काही लागलं नाही. देवाची कृपा.

संध्याकाळी जुना वाकडा चष्मा दोऱ्याने डोक्याला बांधून मी दुकानात गेलो. तिथे डोळे तपासणारी एक मुलगी आहे, तुझ्या लेकीपेक्षा थोडी मोठी असेल. सगळी हकीकत ऐकून म्हणाली, "काका, पुन्हा चष्मा करूच नका. लेन्स लावा. आजी काही डोळ्यांत हात घालून काढणार नाहीत."

"तिचा नेम नाही," मी म्हटलं.

मग शिकवणी सुरू झाली. तिने आरसा पुढे ठेवला, हात धुवायला लावले आणि बोटाच्या टोकावर ती पाण्याच्या थेंबासारखी चकती ठेवली. बोट जवळ आलं की डोळा मिटे. ती म्हणे, "काका, छताकडे बघा. डोळा मिटायचा नाही." मी म्हणे, "मी मिटत नाही ग, तो मिटतोय." दुकान बंद व्हायच्या वेळेला कुठे एक आत गेली. काढताना तर शोभाच झाली. मी डोळा चिमटीत धरायला बघतोय, डोळा लालभडक, पाण्याची धार लागलेली, आणि ती शांतपणे म्हणते, "काका, लेन्स कधीच बाहेर पडली. आता तुम्ही बुबुळ काढताय." लेन्स माझ्या शर्टाच्या खिशाला चिकटली होती.

आता रोज सकाळी एका झटक्यात नाही, पण दोन-चार झटक्यांत बसतात. बोट मात्र अजून नाकाकडे जातं, नसलेला चष्मा वर सरकवायला. झोपताना चष्मा काढायला कानामागे हात नेतो आणि हाताला नुसता कान लागतो. प्रार्थनेला बसून डोळे मिटले की पापणीखाली कुणीतरी येऊन बसलं आहे असं वाटतं. पहिले काही दिवस देवाऐवजी लेन्सचंच ध्यान झालं.

कामावर फायदा झाला. रुग्णालयाच्या लाँड्रीत इस्त्रीच्या रुळांमधून चादर बाहेर आली की वाफेचा लोट तोंडावर येतो. इतकी वर्षं मी त्या धुक्यातून डाग शोधत आलो. आता चादर स्वच्छ दिसते, डागही स्वच्छ दिसतात. फक्त कपड्यांचे बारीक तंतू उडतात, त्यातला एखादा डोळ्यात गेला की मी भर कामात ढसाढसा रडतोय असं दिसतं. कपड्यांची गाडी ढकलणाऱ्या आमच्या गाडीवाल्याला तेवढंच निमित्त पुरतं. पहिल्या दिवशी मला बघून ओरडला, "मुकादम, आज मुलगी बघायला चाललात की काय?" मग जवळ येऊन निरखून म्हणतो, "इतकी वर्षं काचेमागे ठेवला होतात, चेहरा कोराच राहिला की हो!"

आई जेवते. मी कामावर असताना तिच्याजवळ बसायला बाई येते. माझं हे नवं रूप आईला आवडलं आहे, असं म्हणायला हरकत नाही. तुझी आठवण काढते.

लेकीला माझा आशीर्वाद सांग.

तुझा
दादा


२६ फेब्रुवारी

चि. चिंगी,

आशीर्वाद. पत्राची वाट न बघता पुन्हा लिहितो आहे. फोनवर मला बोलता येत नाही हे तू जाणतेस. समोरून "हं" आलं की माझं वाक्य तिथेच संपतं.

आईला माझं नवं रूप आवडलं असं मी लिहिलं होतं. ते खोटं नाही. पण का आवडलं ते लिहायचं टाळलं.

मला माझा उघडा चेहरा माहीतच नव्हता. चष्मा काढला की आरशातला चेहरा पुसून जायचा, म्हणून दाढीसुद्धा मी चष्मा लावून करत असे. लेन्स घालून पहिल्यांदा घरच्या आरशासमोर उभा राहिलो, तर समोर आप्पा. तेच खोल डोळे, तीच भुवयांची जाड रेघ, तोच दाबून धरलेला ओठ. मी दचकून मागे सरलो आणि तेही सरले. फक्त गालावर देवीचे व्रण नव्हते.

त्या व्रणांची एक आठवण तुला कधी सांगितली नसेल. मला पहिला चष्मा आप्पांनीच आणून दिला. शाळेतल्या मास्तरांनी निरोप दिला होता की पोरगा ढ नाही, त्याला फळा दिसत नाही. आप्पा मला शहरात घेऊन गेले. दुकानात चष्मा नाकावर बसला आणि समोर पहिले दिसले ते आप्पा. मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणालो, "आप्पा, तुमच्या गालावर खड्डे आहेत!" दुकानातली माणसं वळून बघू लागली. मला वाटलं, आता कानफटात बसणार. पण आप्पा हसले. "दिसायला लागलं वाटतं," एवढंच म्हणाले. त्यांना तसं हसताना मी फारदा पाहिलं नाही. तू तर नाहीच पाहिलंस.

तर आईने मला बिनचष्म्याचं पाहिलं आणि खाटेवर सावरून बसली. केस मागे सारले. "आलात?" म्हणाली. मी केस विंचरायला जवळ गेलो, तर हात लांब करून तिने माझ्या गालावरून बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू.

"व्रण गेले की हो! काय लावलंत?"

"काही नाही," मी म्हटलं.

"काही नाही कसं? पूर्वी मी जगाला विचारून विचारून लेप आणायचे, तेव्हा हात लावू द्यायचा नाहीत."

त्या दिवसापासून ती मारत नाही, ओरडत नाही. मी भरवलेलं खाते, केस विंचरू देते, औषध घेते. बाई म्हणते, "आजींचं बरं चाललंय." बरंच चाललं आहे. पण परवा आई मला म्हणाली, "थोरला येत नाही हो आताशा."

मी तिच्या केसांचा गुंता सोडवत होतो. म्हटलं, "कामात असेल."

"रोज सकाळी यायचा. असाच केस विंचरून द्यायचा." मग म्हणाली, "माझ्या हातून त्याचा चष्मा फुटला. रागावलाय का तो? त्याला सांगा, मी मुद्दाम नाही केलं."

"सांगतो," मी म्हटलं.

चिंगे, एवढ्यावर थांबलं असतं तरी मी तुला लिहिलं नसतं. हसून गिळून टाकलं असतं. पण केस विंचरून झाले की ती रोज एकच विचारते.

"धाकटीला बोलावलंत का?"

तू लग्नासाठी घर सोडलंस तेव्हा आप्पा दारात उभे राहून म्हणाले होते, मी बोलावल्याशिवाय हा उंबरठा ओलांडायचा नाही. तुम्ही दोघांनीही तो शब्द पाळलात. ते गेले तेव्हा मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "ज्यांनी बोलवायचं तेच गेले, दादा. आता कुणाच्या बोलावण्यावर येऊ?" हट्टाच्या बाबतीत तू त्यांचीच लेक.

आईने विचारलं की मी गप्प राहतो. हो म्हणणं म्हणजे मेलेल्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घालणं. ते माझ्याच्याने होत नाही. मला वाटलं होतं, गप्प राहिलं की निदान खोटं बोलल्यासारखं होणार नाही. पण आईला त्या गप्प बसण्याचा अर्थ फार जुना माहीत आहे. तिची मान खाली जाते. "चुकले. पुन्हा नाही विचारायची," म्हणते. आणि हे म्हणताना ती माझ्या तोंडाकडे बघत नाही. माझा हात कुठे आहे ते बघते.

मला हे माहीत नव्हतं. तुला होतं का?

चादरीवरचा डाग मला दिसत नव्हता याला वाफ कारण होती. या घरात मी जन्मापासून राहतो आहे, इथे कसली वाफ होती कोण जाणे.

काल दुकानात जाऊन नवा चष्मा करायला टाकला, प्लास्टिकच्या भिंगांचा, न फुटणारा. चष्मा लावला की मी तिचा मुलगा होईन. ओढू दे, फेकू दे. मुलाला ती काही विचारत नाही.

तुझा
दादा


११ मार्च

चि. चिंगी,

काल डॉक्टर येऊन गेले. आईच्या छातीत पाणी झालं आहे. काढता येईल, पण या वयात पुन्हा पुन्हा काढत बसू नये असं त्यांचं मत. मी विचारलं, "म्हणजे किती?" ते म्हणाले, "ज्यांना बोलवायचं असेल त्यांना बोलवून घ्या." त्या बिचाऱ्यांना आपल्या घरातलं काय माहीत.

त्यांनी औषधाची नवी बाटली दिली. लेन्सने दूरचं लख्ख दिसतं, पण या वयात जवळचं दगा देतं. पूर्वी चष्मा कपाळावर सरकवला की बारीकातलं बारीक अक्षर वाचायचो. आता डोळ्यातली लेन्स कुठे सरकवणार? म्हणून त्या मुलीने मला वाचायला एक लहानसा चष्मा दिला आहे. बाटलीवरचं वाचायला तो मी नाकावर ठेवला. आई झोपली आहे असं समजून तिच्या उशाशीच उभा होतो.

"कधी आलास रे?"

तिने डोळे उघडले होते आणि ती माझ्याकडे, माझ्याचकडे बघत होती.

"आत्ताच," मी म्हटलं.

"वाळलास. जेवतोस ना? बस." तिने दाराकडे पाहिलं. "ते बाहेर गेलेत का?"

मी खोलीभर नजर फिरवली. "गेलेत."

"मग ऐक. हळू बोल. धाकटीला बोलवा म्हणून मी त्यांच्या मागे लागलेय. हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. पूर्वी निदान ओरडायचे तरी." मग एकदम तिला हसू आलं, तोंडावर हात घेतला. "आताशा मऊ पडलेत. माझे केस विंचरून देतात. कुणाला सांगू नकोस हं."

"नाही सांगत."

"तू एकदा बोल त्यांच्याशी. मला भीती वाटते. तू कधी काही मागितलं नाहीस, तुझं ऐकतील."

"बोलतो."

"आज?"

"आजच."

तिने डोळे मिटले. मी तो लहान चष्मा नाकावरून काढला नाही. तिने पुन्हा डोळे उघडले तर मी दिसावा म्हणून. पण ती झोपली, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो, आप्पांशी बोलायला.

तू हसशील. पण मी खरंच बोललो. भांडी घासून पालथी घातली होती, नळ थेंब थेंब गळत होता, आणि मी रिकाम्या खुर्चीसमोर बसून म्हणालो, "आप्पा, तिला बोलवा." खुर्ची गप्प. जिवंतपणी तरी काय वेगळं होतं?

मग प्रार्थना केली. मी देवापुढे कधी गाऱ्हाणं नेलं नाही, पण काल नेलं. म्हटलं, माझं चुकत असेल तर अडव. आप्पांचा नकार हा आप्पांचा होता, तो फिरवायचा अधिकार मला कुणी दिला? डोळे मिटून खूप वेळ बसलो. अडवलंही नाही आणि दिलासाही मिळाला नाही. पण बसल्या बसल्या एक गोष्ट कळली. नकार द्यायला आप्पा आता या घरात नाहीत. रोज सकाळी तो मी देतो आहे. त्यांनी एकदा दिला होता, मी गेला महिनाभर देतो आहे, तोही तिचे केस विंचरून झाल्यावर.

चष्मा तयार झाल्याचा निरोप दुकानातून आला होता. आज कामावर जाण्याआधी तिथे गेलो आणि तो नको म्हणून सांगून आलो. ती मुलगी म्हणाली, "काका, राहू द्या की जवळ. डोळा कधी दुखला, लाल झाला तर?" मी म्हटलं, "काही दिवस तरी नको."

पण त्याच्याही आधीचं सांगायचं राहिलं. खरं तर तेवढंच सांगायला हे पत्र घेतलं, आणि अजून घुटमळतोच आहे.

आज उठल्यावर हात धुतले, लेन्स घातल्या. पहिल्या खेपेला बसल्या. आईचं तोंड पुसलं, केस विंचरले. आता तिला बसवत नाही, म्हणून उशीवरच थोडे थोडे विंचरतो. ती काही विचारेना. काल मुलावर काम सोपवलं होतं ना, म्हणून वाट बघत असावी. शेवटी मीच बोललो. आवाज आप्पांसारखा काढला नाही, तेवढं खोटं अंगी नाही. माझ्याच आवाजात म्हणालो, "धाकटीला बोलावलंय."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"थोरला बोलला वाटतं तुमच्याशी?"

"बोलला."

"रागावला नाहीत ना त्याच्यावर?"

"नाही."

"तिला एकटीलाच बोलावलंत?"

"नाही. तिला मुलगी आहे, तिलाही बोलावलंय."

हे तिला नवीन होतं. मग माझी बाही धरून, अगदी बारीक आवाजात तिने विचारलं, "आणि त्याला?"

चिंगे, तुझ्या नवऱ्याचं नाव या घरात कुणी घेत नाही, आजही तिने घेतलं नाही. आप्पांनी सगळं माफ केलं असतं, पण हे केलं असतं का, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. मी म्हणालो, "त्यालाही."

तिने बाही सोडली, भिंतीकडे तोंड केलं आणि रडली. खूप वेळ रडली. मी तिथेच, फणी हातात धरून बसून राहिलो. आप्पा उठून गेले असते.

तर आता तुला सांगतो. तुला आप्पांनी बोलावलं आहे. तुला, लेकीला आणि तुझ्या नवऱ्याला. हे बोलावणं खरं की खोटं, याचा हिशेब वर गेल्यावर त्यांच्याशी मी करेन, तू त्यात पडू नकोस. येशील तेव्हा आई तुला ओळखेल असं मी म्हणत नाही. तिच्या मनातली धाकटी अजून लग्नाआधीची आहे, आणि तुझे केस पांढरे झाले असतील. ओळखलं नाही तर उभ्या उभ्या परत फिरू नकोस. बस तिच्याजवळ. हात हातात घे. बाकी मी बघतो.

दार उघडेल तेव्हा तूही दचकशील. मी दचकलो होतो. मीच असेन.

हे पत्र आता टाकतो आहे, आणि आईला सांगून झालं आहे. परत घ्यायला काही उरलेलं नाही. लवकर ये.

तुझा
दादा

आईच्या खोलीत मात्र मला या नावाने हाक मारू नकोस.